मुंजाजीकाकांची गळाफेरी

मुंजाजीकाका यंदा येळवसीला शेतात सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवले, आणि त्यांच्या गळ्यातून आवाज आला नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी लिहिलेलंही नाही. काका अजून कडब्याच्या गंजीमागं एकटेच बसलेत, हातात वाटी आहे आणि गळा घागर बुडवल्यासारखा बुडबुड करतोय, असं धरून चालू. आमच्याकडं शेवट आधी कळला की लोक चहा न पिता उठून जातात.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या पालम तालुक्यातली गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की हरभऱ्या-तुरीच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. बाकी नियम घराघराचे वेगळे, पण एक नियम सगळ्यांना सारखा: त्या दिवशी एकट्यानं जेवायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा ओढून आणून बसवायचं. एका साली वाट चुकलेला फरशीचा ट्रक आमच्या शिवारात आला. ड्रायव्हरला प्रत्येक बांधावर जेवावं लागलं. पत्ता विचारायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. संध्याकाळी तो फरशीवर झोपलेला सापडला.

अशा गावात माझे चुलते, मुंजाजीकाका, दोन येळवसा गंजीमागं जेवले.

कारण त्यांचा गळा. काका जे गिळत ते सगळं पोटात जायचं नाही. थोडं वाटेत कुठंतरी मुक्काम करायचं. सकाळी खाल्लेला कच्चा शेंगदाणा दुपारी काका वाकले की परत तोंडात यायचा, जसाच्या तसा. काकांनी असा एक दाणा पेरून बघितला. उगवला. "उगवण चांगली हाय," ते म्हणाले, आणि आजाराचा विषय त्यांच्यापुरता संपला.

गावापुरता संपला नाही. त्याच्या आदल्या येळवसीला पंगतीत काकांनी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि गळ्यातून असा आवाज निघाला की हौद भरला समजून दोघंजण मोटार बंद करायला पळाले. मग काका उंडा उचलायला वाकले, तर न्याहारीची भाकर पानावर आली. कुणी हसलं नाही. हसले असते तर काकांना बरं वाटलं असतं. सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागले. तेव्हापासून काका पंगतीला बसेनात, आणि ते बसत नाहीत म्हणून मनकर्णाकाकूही बसेना. ती गंजीमागं त्यांच्यासमोर बसायची, ते काय परत पाठवतात ते बघत.

गावातले सगळे उपाय झाले. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, दृष्ट काढून झाली, कुणीतरी उलटी पगडी घालून पाणी प्यायला सांगितलं तेही झालं. शेवटी काकूनं मला सांगितलं, "आद्या, यांला परभणीला ने. न्हाई आले तर पोत्यात घालून ने."

परभणीत मैत्रेयी मॅडम नावाच्या डॉक्टर आहेत, पोटाच्या आणि गळ्याच्या. त्यांनी काकांना पांढरं औषध पाजून फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. अन्ननलिका जिथं सुरू होते तिथं मागच्या बाजूला एक थैली लोंबत होती.

"काका, ही थैली. अन्न आधी हिच्यात पडतं. नळी आणि थैली यांच्या मध्ये स्नायूचा एक पडदा आहे, बांधासारखा. तो घट्ट आहे म्हणून अन्न खाली उतरत नाही."

"मंग थैली काढा की."

"थैली नाही काढायची. मधला बांध कापायचा. बांध गेला की थैलीतलं अन्न आपोआप खाली वाहतं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. बांध या विषयावर आमच्या घराण्याची शेजारच्या घराण्याशी तीन पिढ्या बोलाचाली नाही.

"म्हंजी खड्डा तसाच ठिवायचा आन बांध फोडायचा?"

"बरोबर."

"मॅडम, मोजणी झाल्याबिगर बांधाला हात लावत नसतेत."

मॅडम शहाण्या होत्या. त्यांनी फोटोवर पट्टी ठेवून मोजणी करून दाखवली. काका शांत झाले. मग मॅडमनी सांगितलं की मान न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून हा बांध कापायच्या तीन तऱ्हा आहेत. एक म्हणजे ताठ नळी घालून स्टेपलरनं. ते एकाच वेळी कापतं आणि दोन्ही कडा शिवतं. झटपट होतं, पण पूर्ण भूल लागते, तोंड मोठं उघडावं लागतं आणि मान चांगली मागं जावी लागते. दुसरी म्हणजे वळणारी दुर्बीण आणि बारीक सुरी. मान वाकवायला लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला सोसतं, पण काहींना काही वर्षांनी त्रास परत होतो आणि परत करावं लागतं. तिसरी सगळ्यांत नवी. आतल्या अस्तराखालून बोगदा करून बांध बुडापासून कापायचा. वेळ जास्त लागतो. त्रास कमी वेळा परत येत असावा असं दिसतंय, पण लोकांना करून फार वर्षं झालेली नाहीत, त्यामुळं छातीठोक कुणी सांगत नाही. रक्त येणं, भोक पडणं असला धोका तिन्हीत थोडाथोडा आहे.

"म्हंजी तीन वाण हाईत," काका म्हणाले.

इथं मॅडम 'नाही' म्हणाल्या असत्या तर ही गोष्ट दोन पानं लवकर संपली असती. पण त्या दमल्या होत्या. "हो, तसं समजा," म्हणाल्या. "पण लवकर ठरवा. वजन उतरतंय. हे अन्न झोपेत छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल. येळवसीच्या आधी करून घ्या, पंगतीला बसाल."

तीन वाण म्हणल्यावर काकांच्या अंगात जे आलं ते समजायला एवढंच सांगतो: काका कृषी विद्यापीठाची एकही शिवारफेरी चुकवत नाहीत. शिवारफेरी म्हणजे वेगवेगळ्या वाणांचे तुकडे शेजारीशेजारी पेरलेले असतात आणि शेतकरी फिरून तुलना करतात. काकांच्या स्वतःच्या शेतातही असे तुकडे पेरलेले असतात. दुकानदारानं शपथ घेतली तरी काका न बघितलेलं बियाणं घेत नाहीत. तर आता न बघितलेला गळा ते कसा घेणार?

"आद्या," दवाखान्याच्या पायरीवरच ते म्हणाले, "आपन फेरी करू."

मॅडमनी आधीच्या पेशंटची नावं सांगायला साफ नकार दिला. पण दवाखान्यातल्या बाकड्यावर गुपित टिकत नसतं. काका तिथं बसून दोनचार घोट पाणी प्यायले. आवाज ऐकून एक बाई म्हणाली, "आमच्या चुलतसासूचा अस्साच वाजायचा!" तासाभरात तिन्ही वाणांचे पत्ते मिळाले.

काकांनी चाचणीची तयारी केली. सगळ्या प्लॉटला खत सारखंच पडलं पाहिजे, म्हणून प्रत्येक गळ्याला खुराक एकच: चतकोर भाकर, मूठभर कच्चे शेंगदाणे, वर गडूभर आंबील. काकूनं डबा बांधून दिला. तिला वाटलं, आम्ही पाहुण्यांकडं चाललोय.

पहिला गळा परभणीतच. बन्सीधर गुरुजी, रिटायर शिक्षक, स्टेपलरवाले. दारात अनोळखी माणूस डबा उघडून 'खावा' म्हणतोय म्हणल्यावर गुरुजी दोन पावलं मागं सरकले. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून गुरुजी आणखी एक पाऊल मागं सरकले. पण शेंगदाण्याला ते नाही म्हणू शकले नाहीत.

काका त्यांच्या गळ्याला कान लावून बसले.

"कसं काय?" गुरुजींनी चावता चावता विचारलं.

"बोलू नका. पानी सोडलंय."

गुरुजींनी आंबील संपवली. गळा गप. काकांनी पसंतीची मान हलवली. "मान मागं कितपत न्यावी लागती, गुरुजी?"

"पार पाठीला टेकवतात. आणि तोंड हे एवढं. मी आयुष्यभर वर्गावर ओरडलो, मला जड गेलं नाही. आता एखादी गोळी अडकते कधीमधी. पाण्यानं जाते."

दुसरा गळा बोरीचा, जिंतूर तालुक्यात. पार्वतीबाई, वळणाऱ्या दुर्बिणीवाल्या. त्यांना खुराक देणं अवघड गेलं, कारण घास तोंडात जायला बोलणं थांबावं लागतं.

"पयल्यांदा केलं तवा दोन वर्सं झक्कास गेली," त्या म्हणाल्या. "मंग परत बुडबुड सुरू. सून म्हनली, गेले पैसे. म्या म्हनलं, गप गं! घराचं छप्परबी दोनदा शाकारावं लागतंय, मंग गळ्यानं काय घोडं मारलंय? परत केलं. दुसऱ्या दिशी घरी. आता बघा," आणि त्यांनी आमचा उरलेला डबा पण खाल्ला. तिसऱ्या प्लॉटचा खुराक संपला. काकांनी बोरीतूनच नवीन भाकरी मागून घेतली, आणि पीठ वेगळ्या गिरणीचं आहे म्हणून वाटभर कुरकुर केली.

तिसरा गळा आमच्या पालमातच निघाला. तात्याराव, किराणा दुकान, हैदराबादहून बोगदा करून आलेले. तात्याराव गिऱ्हाइकाला साखर जोखायच्या आधी मोबाईलवर बोगद्याचा व्हिडिओ दाखवतात. तालुक्यात साखरेचा खप थोडा कमी झाल्याचं बोललं जातं.

"हे बघा, हितून आत शिरले. हे अस्तर. आन हा बांध, आता कापतेत बघा. लाईटिंग बघा कसं हाय!"

काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला. खुराक दिला. गळा एकदम साफ.

"कधी केलं?"

"साल झालं की."

"एकच?"

"एकच. पुढल्याचं पुढल्या साली इचारा. लिहून कोन देतंय, मुंजाजीराव? तुमी तर बियान्याच्या पिशवीवर लिहिलेलंबी मानत न्हाई."

फेरी संपली. आता काका एक वाण निवडतील आणि येळवसीच्या आत गळा मोकळा होईल असं मला वाटलं. मी मॅडमची वेळ घेतली. काका धुतलेलं धोतर नेसून आले.

"मॅडम," काका खुर्चीत बसत म्हणाले, "तिन्ही वाण बघितले. तिन्ही चांगले. पन चाचनी रद्द."

"कसली चाचणी?"

मी सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रद्द का पण?"

"कंट्रोल प्लॉट न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, चाचणीत एक तुकडा असा ठेवतात की त्याला काहीच करायचं नाही. ना औषध, ना फवारणी. त्याच्याशी ताडून बाकीचे बघायचे. तो नसला तर काका तुलना धरत नाहीत.

आणि मॅडमकडून चूक झाली. माणूस दमला की खरं बोलून जातो. "अहो काका, ज्याच्यावर काहीच उपचार केला नाही असा माणूस तर माझ्यासमोर बसलाय! कंट्रोल प्लॉट तुम्हीच आहात!"

काकांचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेला नाही.

"मीच?"

"तुम्हीच. म्हणूनच म्हणते—"

"मंग माझ्या गळ्याला हात लावू नका," काका उठून उभे राहिले. "कंट्रोल प्लॉटला हात लावत नसतेत."

आम्ही ऑपरेशन न करता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक फळी रंगवून घेतली आणि बाजेच्या डोक्याकडं ठोकली, जशी विद्यापीठाच्या प्लॉटमध्ये असते तशी:

कंट्रोल. वाण: मुंजाजी (स्थानिक). पेरणी: १९५७. उपचार: निरंक.

लोक बघायला यायला लागले. काका समजावून सांगायचे, मधे गळा वाजायचा, "ऐकलं का? हे बिगर उपचाराचं," असं म्हणून ते पुढं बोलायचे. त्यांना कुठल्या कामात एवढा मान मिळाला नव्हता. मी म्हणालो, "काका, चाचणी अजून चालू हाय हे बाकीच्या तिघांना ठाऊकच न्हाई." ते म्हणाले, "ज्वारीला तरी कुठं ठाऊक असतंय?"

पण प्लॉट वाळत चालला. पायजमा नाडीनं राहीना म्हणून सुतळी बांधली. खोकला लागला, मग ताप भरला. मॅडम फोनवर मला म्हणाल्या, "आदिनाथ, अन्न छातीत उतरायला लागलंय. एक वेळ बरं होईल, दर वेळी नाही." ताप गोळ्यांनी उतरला. काका फळीखाली उताणे पडून राहिले. येळवस महिन्यावर आली होती.

एका दुपारी काकू दोन वाट्या घेऊन आली, पातळ वरणात भाकर चुरलेल्या. एक त्यांच्यापुढं ठेवली, एक स्वतःपुढं. मी दारात बसून स्प्रे पंप दुरुस्त करत होतो.

"यंदाबी गंजीमागंच का?" काकूनं विचारलं.

"चाचनी चालू हाय. तुला त्यातलं कळत न्हाई."

"मला काय कळना? चाळीस साल तुमच्या चाचन्याच्या शेंगा मीच तोडायले." तिनं घास घेतला. "तुमी कंट्रोल. हे तिघं वाण. आन मी कोन?"

काकांनी विचार केला. "तू कुटं हाईस त्याच्यात?"

"प्लॉटच्या कडंनं एक वळ पेरतेत बघा. बॉर्डरची. ढोरं आली तर आदी तिलाच खातेत, वारं आलं तर आदी तिलाच लागतंय. मळनीच्या वक्ताला तिचं दानं मोजतेत का?"

"न्हाई. बॉर्डरची वळ उत्पादनात धरत नसतेत."

"तेच म्हनायले मी."

काकांनी वाटी तोंडाला लावली आणि परत खाली ठेवली. गळा मात्र वाजला, कारण वरणाचा घोट तिथंच होता.

"दोन येळवसा," काकू म्हणाली, "बायका तिकडं हसायल्यात, एकमेकीच्या पानात वाढायल्यात, आन मी गंजीमागं तुमचा गळा ऐकायले. माझा गळा चांगला हाय वो! माझ्या गळ्यानं काय केलं?"

काकांनी मान वळवून फळी वाचली. मग वकिलासारखं म्हणाले, "पन कंट्रोल मधीच काढला तर..."

"उत्पादन किती आलं कंट्रोलचं?"

"आं?"

"वजन किती भरलं तुमचं? वाढलं का घटलं?"

"घटलं."

"पीक लोळलं का उभं हाय?"

काका आडवेच होते. "लोळलं," ते म्हणाले.

"मंग निकाल लागला का न्हाई?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी स्प्रे पंपाच्या नोझलमध्ये फुंकर मारली.

"लागला," काका म्हणाले.

"निकाल लागलेल्या प्लॉटचं काय करतेत?"

"नांगरतेत."

काकू उठली, फळी उपटली आणि न्हाणीच्या बंबात घातली. त्या दिवशी पाणी चांगलं तापलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही मॅडमसमोर होतो. काकांची मान पोती वाहून वाहून अशी झालीय की विमान बघायचं तर त्यांना जमिनीवर उताणं पडावं लागतं, म्हणून स्टेपलर बाद. बोगद्याबद्दल काका म्हणाले, नवा वाण तीन हंगाम बघितल्याबिगर घेऊ नये. मॅडम म्हणाल्या, "तसा सरसकट नियम नाही, काका. बोगदा वाईट नाही. पण तुमचं वय, ही मान, मध्यम आकाराची थैली, आणि मी स्वतः इथं जास्त केलेलं... मलाही वळणारी दुर्बीणच बरी वाटते. त्रास परत आला तर परत करू."

"शाकारनी," काका म्हणाले.

मॅडमना कळलं नाही, पण त्यांनी आता काही विचारायचं सोडून दिलं होतं.

बांध कापला. काका भुलीतून जागे झाले तेव्हा पहिला प्रश्न "मोजणीपरमानं कापला का?" हा होता. आधी एक दिवस उपाशी, मग पाणी, मग पातळ, मग मऊ. काकूनं प्रत्येक घोटाला गळ्याला कान लावला. काका म्हणाले, "आता सोड की." ती म्हणाली, "सवय लागली."

आणि येळवस आली. कोपीत पांडव बसले, पूजा झाली, पंगत मांडली. काका मधोमध बसले. शेजारी काकू बसली. बायकांची पंगत वेगळी असते, पण तिला तिकडं जा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. काकांनी आंबिलीचा गडू उचलला आणि सगळं शिवार गप झालं. लोक आपण ऐकत नाही असं दाखवत होते. एकजण तर झाडावरच्या पाखराकडं बघत होता, त्या झाडावर पाखरू नव्हतं.

काकांनी घोट घेतला. दुसरा घेतला. मग खिरीत भिजवलेला उंडा.

काही नाही.

"झालं?" मागून कुणीतरी विचारलं. आवाजात थोडी निराशा होती.

"झालं," काका म्हणाले.

काकूनं मग स्वतःच्या पानाला हात लावला. भज्जीचा घास घेतला, हळू चावला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मीठ कमी हाय." भज्जी तिनं स्वतःच केली होती. सगळे हसले, आणि ते हसणं बराच वेळ चाललं, भज्जीत एवढं हसण्यासारखं काही नसताना.

पुढं शेजारच्यांनी दोघांना ओढून नेलं. ज्या घराशी बांधावरून तीन पिढ्या अबोला आहे त्यांनीही नेलं, अर्थात न बोलता. दिवस मावळायला दोघं बैलगाडीत पडून परत आली, पोटाला हात लावून. काकू वाटेत म्हणाली, "आवो, दोन बुडाल्या की वो आपल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला अर्ज टाईप करायला बसवलं. शब्द त्यांचे, शुद्धलेखन माझं. पोच आमच्याकडं आहे.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, पालम

विषय: बुडालेल्या दोन येळवसा भरून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज सादर करतो की, अर्जदार हा गळ्यातील थैलीमुळे व अर्जदाराची पत्नी मनकर्णा ही निव्वळ अर्जदारामुळे, अशी दोघं सलग दोन येळवसांस पंगतीपासून वंचित राहिली. सबब येत्या पौष व माघ महिन्यांच्या अमावस्या या येळवस म्हणून जाहीर करून त्या दोन्ही दिवशी गाव रिकामं करण्याचे आदेश व्हावेत. चंद्राची काही हरकत असल्यास ती मुदतीत मागवून निकाली काढावी. तसेच माघापर्यंत शिवारातील हरभरा वाळून भज्जीस ओले दाणे मिळणार नाहीत, तरी सदर पिकास यंदा सावकाश पिकण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी कळवावे, ही नम्र विनंती.